सांगाडा की मांडव?

भेडाघाटला नर्मदेत नाव लोटली की दोन्ही बाजूंनी संगमरवराचे कडे जवळ येत जातात आणि नावाडी यमके जुळवीत एकेका खडकात कुणाचे ना कुणाचे रूप दाखवू लागतो. ही रूपे पाण्याने झिजवून घडविलेली. वर टेकडीवर, दहाव्या शतकाच्या सुमारास कलचुरी राजवटीत उभ्या राहिलेल्या चौसष्ट योगिनींच्या मंदिरात छिन्नीने घडविलेली रूपे आहेत. दोन्हीकडे रीत एकच : बाहेरून आघात व्हावा, नको ते निघून जावे आणि उरेल तो आकार. आकाराविषयीची पुष्कळशी भाषा याच अनुभवातून आलेली आहे. ‘घाट’ या शब्दात तर नदीचा काठ आणि कृतीचा आकार दोन्ही सामावले आहेत.

काठावरच्या झुडपाचे पान मात्र या भाषेला जुमानत नाही. पुष्कळ वनस्पतींच्या पानाची त्वचा सूक्ष्मदर्शकाखाली नागमोडी कडांच्या पेशींनी सांधलेली दिसते. एकीचा फुगवटा नेमका शेजारणीच्या खोबणीत बसतो. येथे काही कोरलेले नाही. आतल्या पाण्याचा दाब पेशीला सर्व दिशांनी फुगवू पाहतो, आणि भिंतीतील सेल्युलोजचे धागे पट्ट्यांसारखे तिला ठिकठिकाणी आवरून धरतात. पट्टे कोठे आवळायचे, हा खरा प्रश्न. १९६२ साली पॉल ग्रीन यांनी नायटेला या शेवाळावर कोल्चिसिनचा प्रयोग केला; लांब वाढणारी पेशी गोल फुगू लागली. धाग्यांना दिशा देणारे काहीतरी आत असले पाहिजे, असे अनुमान त्यांनी केले. पुढच्याच वर्षी लेडबेटर व पोर्टर यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून भिंतीलगत सूक्ष्मनलिका दिसल्या.

या नलिकांना हुकूम देतो कोण? २००५ साली झेनबियाओ यांग यांच्या कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेने मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिस या लहानशा रोपात त्याचा माग काढला. ‘रॉप’ नावाची संदेशवाहक प्रथिने दिव्याच्या खटक्यासारखी चालू-बंद होतात. जेथे ‘रॉप२’ जागे असते तेथे ॲक्टिनचे बारीक तंतू जमतात, सूक्ष्मनलिकांची शिस्त मोडते आणि भिंत पुढे सरते. जेथे ‘रॉप६’चे चालते तेथे नलिका ओळीने लागतात आणि वाढ रोखली जाते. भिंतीवरचा ताणही नलिकांना वळण लावतो, असे पुढील संशोधनात दिसले. कोणाचा वाटा किती, हा वाद अजून मिटलेला नाही. एवढे खरे की उमाळा आणि आवर दोन्ही आतले आहेत, आणि शेजारणीवाचून एकही वळण पुरे होत नाही.

या तंतू-नलिकांच्या जाळ्याला पेशीचा ‘सांगाडा’ म्हणण्याची रूढी आहे. शब्द सोयीचा खरा, पण फसवा. सांगाडा म्हणजे मांस गेल्यावर उरते ते. येथे तर नलिका एका टोकाला जुळत असते तेव्हा दुसऱ्या टोकाला सुटत असते. तिला जवळचा शब्द मांडव : कार्यासाठी उभारावा, कार्य सरताच उतरवावा.

भेडाघाटजवळच्या लम्हेटा घाटावरून ज्यांचे नाव पडले ते ‘लॅमेटा’ खडक थेट चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुऱ्यापर्यंत आढळतात. तेथे सापडलेल्या डायनोसॉरच्या अश्मीभूत विष्ठेत गवताच्या पेशींतील सिलिकाचे कण मिळाल्याचे २००५ सालीच प्रसिद्ध झाले. वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे. त्या कणांच्या आकारावरूनच ते गवत ओळखता आले. आकार असा टिकला. तो घडविणारे मात्र त्यात काहीच नाही. पेशी मेली त्याच दिवशी मांडव उतरला होता.