घासलेली प्रिंट

फिल्मवरचा सिनेमा सरस की डिजिटल, हा वाद रंगला की मी बराच वेळ नुसता ऐकून घेतो. बोलणारे बहुधा मुंबई-पुण्याचे असतात. फिल्मची ऊब, तिच्यातले सावळे रंग, तिचे जिवंत कण, असं खूप काही सांगतात. खोटं नसणार. पण त्यांनी पाहिलेली फिल्म आणि आम्ही गोंदियाकडच्या आमगावकरांनी पाहिलेली फिल्म, या दोन वेगळ्या चिजा होत्या. त्यांच्याकडे ती पहिल्या शुक्रवारी पोचायची. आमच्याकडे यायची तेव्हा तिचं बरंचसं आयुष्य होऊन गेलेलं असायचं.

कारण साधं होतं, पैशाचं. एका प्रिंटला पन्नास-साठ हजार रुपये लागत, म्हणून निर्माता मोजक्याच प्रिंट काढी. राज्यं बदलली, नकाशे बदलले, तरी सिनेमाच्या धंद्यात आमचा मुलूख अजून इंग्रजी अमदानीतला ‘सीपी-बेरार’च राहिला. वितरकांच्या पेढ्या अमरावतीला, भुसावळला. प्रिंट आधी मोठ्या शहरांत चालायची, मग नागपूर, मग कधीतरी लोखंडी पेटीत बसून रेल्वेने गोंदिया. आणि मंडईतल्या, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेतल्या, तंबूपर्यंत जी पोचे, ती शेकडो खेळ सोसलेली. पुढे तिला गाव नव्हतं, भंगार होतं. तिथे रसायनात धुऊन तिच्या अंगची चांदीही काढून घेत.

म्हणून आमच्या पडद्यावर कायम पाऊस पडे. उभ्या रेघांचा, बारमाही. राजस्थानच्या वाळवंटातही पडे आणि मेजवानीच्या दिवाणखान्यातही. लहानपणी तो सिनेमाचाच भाग वाटायचा. दुसरी गंमत सांध्यांची. फिल्म तुटली की ऑपरेटर फाटका तुकडा कापून दोन टोकं जोडी. जितके सांधे, तितक्या फ्रेम कमी. त्यातही आवाजाची पट्टी फिल्मच्या कडेला, चित्राच्या सुमारे 20 फ्रेम पुढे छापलेली असते. सेकंदाला 24 फ्रेम धावतात, म्हणजे सांधा प्रोजेक्टरच्या गेटमधून गेला की चित्र लगेच उडी मारतं आणि आवाज मागाहून, पाऊण सेकंदाने. तेवढ्या वेळात नायिका पाठ फिरवून निघालेली असे आणि आधीच्या वाक्याचं शेपूट तिच्या पाठीमागून ऐकू येई. काही गाणी तर आम्हाला एकेक ओळ गाळूनच पाठ झाली. पुढे तीच रेडिओवर सबंध ऐकली, तेव्हा रेडिओवाल्यांनीच जास्तीची ओळ घुसवली असं वाटलं.

गोंदियाच्या एका टॉकीजच्या ऑपरेटर खोलीत मला पुष्कळदा बसू दिलेलं आहे. दोन मशीन शेजारी शेजारी, मागे धुराडं. आत कार्बनच्या दोन कांड्या, तांब्याचा मुलामा दिलेल्या. त्यांची टोकं जवळ आणली की जो उजेड फुटे, तो काळ्या काचेतूनच पाहायचा. कांड्या जळून आखूड होत, मधलं अंतर वाढे, पडदा पिवळा पडे आणि खालून शिट्ट्या. मग ऑपरेटर काका न बघता हाताने चाक फिरवीत. पण मला सगळ्यांत आवडे ते त्यांचं रीळ गुंडाळणं. डाव्या हाताने दांडा फिरवायचा आणि उजव्या हाताच्या बोटांत फिल्मची कड धरून तिला जाऊ द्यायचं. दोन हजार फुटांचं रीळ, पडद्यावर जवळजवळ 22 मिनिटं चालणारं. कुठे एखादं भोक चिरलेलं असलं की अंगठ्याला कळे. लगेच दांडा थांबे. ब्लेडने फिल्मवरचा थर खरवडायचा, सिमेंटचा ठिपका लावायचा, वर दाब द्यायचा, फुंकर मारायची. डोळे तोवर दुसऱ्या मशीनच्या खिडकीतून पडद्यावर. उजव्या कोपऱ्यात वर गोल ठिपका चमकला की एक मशीन बंद आणि दुसरं सुरू. खाली बसलेल्यांना पत्ताही लागत नसे.

तीन तासांच्या सिनेमाची फिल्म पाच किलोमीटरच्या घरात जाते. ती सगळी या माणसाच्या बोटांतून जायची, रोज, कितीतरी वेळा. आणि ती मशीनमध्ये सरळ धावत नसे. प्रत्येक फ्रेम क्षणभर थांबायची, पुढची ओढली जाताना शटर उजेड अडवायचं. हिशेब केला तर तीन तासांतला निम्म्याच्या आसपास वेळ पडदा काळाच असतो. तिकिटाच्या पैशात आम्ही दीडेक तासाचा अंधार विकत घेत होतो, याची तक्रार कुणी केल्याचं मला आठवत नाही.

बघताना असं हरवून जाणं आमच्या मुलखाला नवं नाही. आमगावजवळचं पदमपूर हे भवभूतीचं जन्मगाव मानतात. आमच्याकडच्या महाविद्यालयाला नावही त्याचंच. आठव्या शतकातल्या या नाटककाराच्या ‘उत्तररामचरिता’चा पहिला अंक म्हणजे चित्रदर्शन. लक्ष्मण राम-सीतेला त्यांच्याच वनवासाची चित्रं दाखवतो. शूर्पणखेचं चित्र येतं आणि सीता घाबरते. हे चित्र आहे, असं रामाला सांगावं लागतं. तोच राम सातव्या अंकात सीतेच्या कथेचं नाटक बघायला बसतो आणि स्वतःच भान हरपतो. आता हे नाटक आहे, याची आठवण लक्ष्मणाने करून द्यायची. शहाण्या माणसाचंही बघताना काय होतं, हे भवभूतीने दोन टोकांना दोनदा दाखवून ठेवलं आहे. आणि ही नाटकं कालप्रियनाथाच्या यात्रेत व्हायची. म्हणजे प्रेक्षक जत्रेतलाच.

मला यातून एवढंच दिसतं, की हरवून जायला चित्र स्वच्छ लागत नाही. ‘माहेरची साडी’ 1991ची. आमच्या भागात तंबूत लागली तेव्हा प्रिंटची चाळण झालेली होती, आणि बाया त्या रेघांमधूनच धाय मोकलून रडत होत्या. त्यामुळे डिजिटलने आम्हाला अधिक रडवलं किंवा अधिक हसवलं, असं मी म्हणणार नाही. त्याने दिलं ते वेगळं. 2005च्या सुमारास उपग्रहावरून सिनेमा उतरवून घ्यायची सोय देशात सुरू झाली आणि काही वर्षांत पेटीची वाट बघणं संपलं. 2016 मध्ये ‘सैराट’ आला, तेव्हा पुण्यातला पोरगा आणि आमच्याकडचा पोरगा एकाच शुक्रवारी त्यावर बोलत होते. इतक्या पडद्यांसाठी प्रत्येकी साठ हजारांची प्रिंट कुणी काढली असती? काढली असती, तरी ती आमच्यापर्यंत पावसाळ्यानंतरच आली असती, अंगावर स्वतःचा पाऊस घेऊन. फिल्म गेली म्हणून उसासे टाकणाऱ्यांनी ही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रांगेत शेवटी उभं राहण्याची सवय आमच्या अंगवळणी पडली होती, ती डिजिटलने मोडली.

पूर्ण मोडली, असंही नाही. हॉलीवूडच्या स्टुडिओंनी 2005 मध्येच डिजिटल सिनेमाचं माप ठरवलं होतं. छोट्या गावांत आधी जे आलं, ते त्या मापाखालचं. मोठ्या शहरांत जे प्रोजेक्टर बसले, त्यांच्या इंच-सव्वा इंचाच्या चिपवर बावीसेक लाख सूक्ष्म आरसे थरथरतात आणि त्यांतून चित्र उभं राहतं. आमच्याकडचा काळा रंग बरीच वर्षं राखाडीच होता. पण रेघ नव्हती, सांधा नव्हता, गाण्यातली ओळ गळत नव्हती. आम्ही खूश होतो.

दुखणं निघालं ते दुसरीकडे. आता हार्ड डिस्कमधल्या सिनेमाला कुलूप असतं. त्याची किल्ली ठरावीक प्रोजेक्टरपुरती, ठरावीक मुदतीची आणि बाहेरून येणारी. एकदा रात्रीच्या खेळाला आम्ही दीड तास बसलो होतो. सिनेमा खोलीत, मशीन चालू, किल्ली नाही. मॅनेजर फोनवर. फिल्म तुटली असती, तर काकांनी चहा निवायच्या आत जोडली असती. इथे जोडण्यासारखं काही हातात नव्हतंच. पैसे परत घेऊन आम्ही शेवटच्या गाडीसाठी स्टेशनकडे पळालो.

तेच काका पुढे डिजिटलवर काही वर्षं होते. त्यांना विचारलं, कोणतं बरं? मला वाटलं होतं, जुन्याची आठवण काढतील. ते म्हणाले, “हेच बरं जी. धूर नाही, डोळे जळत नाही.” कार्बनच्या उजेडाने आणि धुराने ज्यांच्या डोळ्यांचं पाणी काढलं, त्यांनी असं म्हणावं हे रास्तच आहे. मग थोड्या वेळाने स्वतःच बोलले, “पण पहिले पिक्चर पाहावाच लागे. नजर हटली का रीळ गेलं. आता बटन दाबलं का झालं.” म्हणजे ‘शोले’तला कोणता घोडा कुठे वळतो हे ज्यांना तोंडपाठ, त्या काकांनी डिजिटल आल्यापासून एकही सिनेमा अथपासून इतिपर्यंत पाहिलेला नव्हता. दाखवणाऱ्याने पाहिलंच पाहिजे असं नाही. तरी मला ते चमत्कारिक वाटलं, अजून वाटतं.

फुजीने 2013 मध्ये शूटिंगची आणि प्रिंटची फिल्म बनवणं बंद केलं. त्याच्या आदल्या वर्षी कोडॅकने दिवाळखोरी जाहीर केली होती. महाराष्ट्रातल्या जत्रांमधल्या तंबू-टॉकीजचं हे स्थित्यंतर ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटात टिपलेलं आहे. 2016 मध्ये कानच्या महोत्सवात त्याला खास दाद मिळाली. त्यातल्या गंजत्या मशीन बघताना शहरातल्या प्रेक्षकांना गहिवरून येत असेल. मला आधी त्यांचा आवाज ओळखीचा वाटला, आणि मग आठवलं की त्या आवाजाखाली संवाद ऐकू यायचे नाहीत.

या वादात मी डिजिटलच्या बाजूने उभा राहतो, पण एक अडचण आहे. मी तुलना करतो ती फिल्मच्या म्हातारपणाशी. ताजी, लॅबमधून नुकती आलेली, एकही सांधा नसलेली प्रिंट मी आयुष्यात पाहिलेली नाही. पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 पासून आहे. त्यांनी कधी एखाद्या रंगीत मराठी सिनेमाची कोरी प्रिंट चालवायची ठरवली, तर आझाद हिंद एक्स्प्रेस गोंदियाहूनच जाते. काकांनाही सोबत नेईन म्हणतो. त्यांना खुर्चीत बसून बघू दे एकदा, मशीनकडे पाठ करून.