आजीने उघडले डोळे

गतवर्षी धर्मशिक्षणाचा वर्ग सुटल्यावर आठ वर्षांचा एक मुलगा आवारातील जांभळीवरून पडला. क्षणभर त्याची शुद्ध हरपली. मग उठून तो हसूही लागला. आम्ही टेंगळावर ओले फडके ठेवले आणि ‘झोपू द्या त्याला’ असे सांगून निश्चिंत झालो. त्याच्या आजीला मात्र ते रुचले नाही. ती उशाशी बसून राहिली. तासाभरात त्याला दोनदा उलटी झाली व तो असंबद्ध बोलू लागला. तिने तत्काळ रिक्षा बोलावली. सीटी स्कॅनमध्ये कवटी व मेंदूचे आवरण यांमध्ये रक्त साकळलेले आढळले. शस्त्रक्रियेने तो वाचला.

‘शुद्ध हरपली तेव्हाच आणायला हवे होते,’ डॉक्टर म्हणाले. अशा रक्तस्रावात मूल मध्यंतरी सावरू शकते. ते सावरणे फसवे असते. पालकांनी ध्यानी ठेवावे: वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, झटके, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणे, नाका-कानांतून रक्त वा पाण्यासारखा द्राव येणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास इस्पितळ गाठावे. वाटेत मान हलू देऊ नये, काही खाऊपिऊ घालू नये.

मुलगा पुन्हा वर्गाला येतो. आजी दिसली, की आम्हीच आधी हात जोडतो.