हुरड्याला पंचेचाळीस मिनिटं

दादाने मिशिगनहून पाठवलेली एक्सेल फाइल रंगीबेरंगी होती. प्रवास निळा, जेवण हिरवं, देवदर्शन केशरी आणि अधूनमधून उरलेले करडे चौकोन. त्या करड्या चौकोनांना त्याने 'बफर' असं नाव दिलं होतं. प्रत्येक ओळीत निघायची वेळ, पोचायची वेळ, अंतर, खर्च. माझ्या दुकानाचा हिशेबसुद्धा इतका नेटका नसतो. 4 तारखेच्या ओळीत एका हिरव्या चौकोनात लिहिलं होतं: हुरडा, 45 मिनिटं.

राजूरला माझं बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे. डिसेंबरात रब्बीच्या पेरण्या उरकलेल्या असतात, कापूस घरात येत असतो, गिऱ्हाईक युरियापुरतं डोकावतं. त्यामुळे आत्या, दादा, वहिनी आणि दोन मुलं नाताळच्या सुट्टीत येणार, गाडीने सगळं फिरणार आणि त्याचं नियोजन मी करून द्यायचं, हे ठरलं तेव्हा मला वेळ नाही असं म्हणायची सोयच नव्हती. हिवाळ्यात मिशिगन आपल्या साडेदहा तास मागे असतं. मी संध्याकाळी शटर ओढायला लागलो की त्याची कॉफी व्हायची आणि फोन यायचा.

पहिला वाद गाडीवरून. दादाने इंटरनॅशनल परमिट काढून ठेवलं होतं. मुंबईत उतरायचं, भाड्याने गाडी घ्यायची, समृद्धी महामार्ग पकडायचा आणि थेट जालना. मुलांना त्याने 'रोड ट्रिप' कबूल केली होती आणि त्यांच्याकडे रोड ट्रिप म्हणजे बापाने गाडी चालवायची. समृद्धी आता भिवंडीजवळच्या आमण्यापासून नागपूरपर्यंत पूर्ण 701 किलोमीटर सुरू झालाय, शेवटचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा 5 जून 2025 ला उघडला, हे त्यानेच मला सांगितलं. रस्ता चांगला आहे, यात वाद नाही. पण सरळसोट सिमेंटचा रस्ता, ना वळण ना गाव, आणि चालवणारा माणूस विमानातून उतरलेला, अमेरिकेच्या उजव्या बाजूची सवय, डोळ्यांवर तिकडची रात्र. 1 जुलै 2023 च्या रात्री याच रस्त्यावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि 25 माणसं गेली. आमच्या भागात ती बातमी कुणी विसरलेलं नाही. आईने फोन माझ्या हातातून घेतला आणि सांगितलं, "तू चालवणार असशील तर येऊ नको." दादाचं परमिट तिथेच संपलं.

मग गावातल्या एका पोराची अर्टिगा ठरवली. किलोमीटरवर भाडं, ड्रायव्हरचा भत्ता वेगळा. त्याने ठाण्याहून, म्हणजे वहिनींच्या भावाकडून, सगळ्यांना घ्यायचं. तेही मंडळी दोन रात्री झोपल्यावर आणि दिवसाउजेडी. वहिनींचे प्रश्न दोनच होते, पण दोन्ही नेमके. मागच्या सीटला पट्टे आहेत का आणि वाटेत बायकांनी कुठे थांबायचं. पट्टे आहेत, असं मी ठोकून दिलं आणि मग जाऊन बघितलं. पट्टे होते, पण त्यांची खाचच सापडेना. गाडी घेतल्या दिवशी चढवलेल्या झकपक सीटकव्हरखाली ती गाडली गेली होती. आपल्याकडच्या निम्म्या गाड्यांची हीच गत. पोरगा कव्हर फाडायला तयार होईना, शेवटी शिंप्याकडून तीन ठिकाणी भोकं पाडून काठ शिवून घेतले. धाकटीसाठी बसायचं उंच आसन वहिनींनी तिकडूनच आणलं, हवा भरायचं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी बायकोवर सोपवलं. तिने वाटेवरच्या ओळखीच्या घरांची यादी केली. टेंभुर्णीला मावशी, भोकरदनला तिची मैत्रीण, सिल्लोडला मामेभाऊ. कमोड कुणाकडे आहे तेही तिने फोन करून विचारलं, कारण आत्याला गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही. पेट्रोल पंपांवर विसंबायचं नाही, हा तिचा नियम. या घरांत चहा न घेता निघता येणार नाही हे दादाला कळलं तेव्हा त्याचे सगळे करडे चौकोन एका फटक्यात संपले.

खरी गंमत तारखांची. त्याने आखलं होतं असं: सोमवार 5 जानेवारी अजिंठा, मंगळवार 6 जानेवारी सकाळी वेरूळ आणि संध्याकाळी राजूरला परत येऊन गणपतीचं दर्शन. अजिंठा सोमवारी बंद असतं. वेरूळ मंगळवारी बंद असतं. आणि 6 तारखेला अंगारकी होती.

राजूरची अंगारकी काय असते हे दादाला ठाऊक असायला हवं होतं, पण तो दहावीनंतर शिकायला बाहेर पडला तो पडलाच. साडेतीन गणपती पीठांत राजुरेश्वराचं नाव पूर्ण पीठ म्हणून घेतात. वरेण्य राजाला गजाननाने गणेशगीता सांगितली ती इथे, अशी श्रद्धा आहे. एरवी गाव म्हणजे जालन्याहून भोकरदनला जाताना लागणारा चौक. पण अंगारकीला आदल्या रात्रीपासून चारी रस्त्यांनी माणसं पायी येत असतात. जालन्याकडून, भोकरदनकडून, टेंभुर्णीकडून, हसनाबादकडून. गाड्या गावाबाहेर अडवतात. त्या संध्याकाळी बाहेरून गाडी घेऊन गावात शिरायचं म्हणजे शेतात गाडी लावून चालत येणं, तेही आत्याला घेऊन. मी सांगितलं, त्या दिवशी गाडीला हात लावायचा नाही, राजूरला घर असून अंगारकीला बाहेरून येणारा तू पहिलाच. तो हसला आणि मंगळवारच्या ओळीवर त्याने पांढरा रंग मारला.

मग सगळं पुन्हा मांडलं. शुक्रवारी सिंदखेडराजा आणि लोणार, रविवारी अजिंठा, सोमवारी शेत, मंगळवारी अंगारकी, बुधवारी परत निघताना वेरूळ आणि तिथून समृद्धीने मुंबई. शेगाव, पैठण, दौलताबाद, शिर्डी मी कापलं. शिर्डी कापताना आत्या नाराज झाली, पण पाच माणसं आणि एक गुडघेदुखी घेऊन रोज नवं गाव गाठायचं, रोज बॅगा उघडायच्या आणि बांधायच्या, याला मी सुट्टी म्हणत नाही. घर राजूरला आहे, तर रोज रात्री राजूरलाच झोपायचं. नकाशावर हे मूर्खपणाचं दिसतं, कारण तोच रस्ता परत तुडवावा लागतो. पण गरम पाणी, ओळखीचं अंथरूण आणि आईच्या हातची भाकरी नकाशावर दिसत नाही.

खर्चाच्या रकान्यात मात्र मी त्याचे पैसे वाचवले. अजिंठ्याला आणि वेरूळला परदेशी माणसाला 600 रुपयांचं तिकीट, ते त्याने चौघांना धरलं होतं. ओसीआय कार्ड असलेल्यांना स्मारकांवर भारतीयांचाच दर लागतो, म्हणजे 40 रुपये, आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीटच नाही. कार्ड मात्र मूळ बरोबर ठेवायचं, बॅगेच्या तळाशी नाही. आपण आपल्याच लेण्यांत परदेशी म्हणून जाणार नाही, याचा दादाला पैशांपेक्षा जास्त आनंद झाला.

लोणारचं सांगायला फार नाही. सिंदखेडराजाला जिजाऊंचा वाडा बघितला, लखुजीरावांची समाधी बघितली. 12 जानेवारीच्या जयंतीची तयारी चालली होती; त्या दिवशी तिथे लोटणारी गर्दी चुकवली याचा मला नियोजक म्हणून अभिमान वाटला. लोणारला काठावर उभं राहून धाकटी म्हणाली, आमच्याकडचं तळं याच्यापेक्षा खूप मोठं आहे. मिशिगनच्या पोरीला तळं दाखवायला आणायचं म्हटल्यावर हे ऐकावंच लागणार. मग तिला सांगितलं की हा पावणेदोन किलोमीटरहून रुंद खड्डा आकाशातून पडलेल्या दगडाने काळ्या पाषाणात पाडलाय, आणि 2020 च्या जूनमध्ये यातलं पाणी गुलाबी झालं होतं. गुलाबी म्हटल्यावर तिने फोटो मागितले. मग खाली उतरायचाच हट्ट धरला.

थोरल्याची गोष्ट वेगळी. चौदा वर्षांचा, कानात सतत काहीतरी खुपसलेलं, नियोजनाच्या फोनवर कधी आलाच नव्हता. अजिंठ्याचा रस्ता भोकरदनवरून जातो म्हणून मी सहज बोलून गेलो की या गावातून दोन हजार वर्षांपूर्वी व्यापार चालायचा, सातवाहनांच्या काळात. तेव्हा याचं नाव भोगवर्धन. सांची आणि भारहूतच्या स्तूपांना दान देणाऱ्यांच्या लेखांत ते येतं. सत्तरच्या दशकात इथे उत्खनन झालं, त्यात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा तुकडा निघाला आणि तशाच घडणीची मूर्ती 1938 मध्ये इटलीत पाँपेईला सापडली होती. पोराने कानातलं काढलं. पाँपेई त्याला शाळेत होतं. ज्वालामुखी, इसवी सन 79, राखेत गाडलेली भाकरी, सगळं त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. "ते शहर बुडायच्या आधी इथल्यासारखी वस्तू तिथे कशी पोचली?" त्याने विचारलं. भोकरदनहून पैठण, तगर म्हणजे आपलं तेर, तिथून पश्चिम किनाऱ्याची बंदरं, तिथून जहाज. ती मूर्ती नेमकी कुठल्या गावात घडली हे कुणी छातीठोक सांगत नाही, पण माल या वाटांनी जायचा.

त्याने वडिलांच्या फोनमधली फाइल उघडली, अजिंठ्याच्या ओळीच्या वर एक ओळ घातली आणि त्यात भोकरदन लिहिलं. आता पंचाईत माझी. भोकरदनला दाखवायला आहे काय? जुनी वस्ती नव्या वस्तीच्या पोटात गेलीय. केळणा नदीच्या काठावर लहानशी लेणी आहेत, तेवढीच. मी ते आधी सांगितलं, तरी तो म्हणाला बघू. नदीकाठी आम्ही गेलो. तो बराच वेळ जमिनीकडे बघत फिरत होता, खापराचे तुकडे उचलून आजीला दाखवत होता. आत्या म्हणाली, "अरे, हे कालच्या माठाचं असेल." त्याला फरक पडला नाही. जाताना अन्व्याच्या देवळापाशीही थांबलो. आज तिथे महादेव आहे, भिंतींवर मात्र विष्णूची रूपं; मूळ देऊळ वैष्णव असावं असं अभ्यासक म्हणतात. अजिंठ्याला पोचायला त्यामुळे दुपार झाली. घाट उतरून फर्दापूरला गाडी ठेवायची, पुढचे चार किलोमीटर तिथल्या बसने, हे ठाऊक असल्याने निदान त्यात वेळ गेला नाही. आत्यासाठी डोली केली. ती आधी लाजली, मग तिला ती इतकी आवडली की उतरेचना.

आता हुरडा.

पंचेचाळीस मिनिटांत हुरडा होत नाही, हे दादाला मी फोनवर सांगून थकलो होतो. तो म्हणायचा, भाजायला किती वेळ लागतो? कणीस भाजायला मिनिटं लागतात, हे खरं. पण आधी जमिनीत आगटी खणायची, गोवऱ्या पेटवायच्या, त्यांचा धूर जाऊन निखारा होईपर्यंत थांबायचं. तेवढ्यात कुणीतरी ज्वारीत शिरून दाण्यात दूध आटलेली, पण अजून कडक न झालेली कणसं निवडून आणतो. हे निवडणं म्हणजे कसब आहे. एक दिवस आधी गेलात तर चिकट, दोन दिवस उशिरा गेलात तर ज्वारी. मग कणसं खुपसायची, फिरवायची, गरम गरम तळहातावर चोळायची, फुंकर मारून भुसकट उडवायचं आणि दाणे समोरच्याच्या पुढ्यात टाकायचे. चोळणारा माणूस स्वतः शेवटी खातो. सोबत शेंगदाण्याची नि लसणाची चटणी, गूळ, दही, बोरं. आमच्या वावरात थोडी गूळभेंडी मी मुद्दाम उशिरा पेरली होती, दादाच्या तिकिटाची तारीख कळल्यावर. खरं नियोजन मी केलं असेल तर ते हे.

सोमवारी सकाळी गेलो. आत्या आगटीजवळ खुर्चीत बसली आणि तिने चोळायला हात पुढे केला. तिच्या तळव्याला चटके बसतील म्हणून दादा कणीस देईना. "माझ्या हाताने तू खाल्लेलं आहेस," ती म्हणाली आणि ते हिसकावून घेतलं. भराभर चोळलं. अमेरिकेत बावीस वर्षं राहूनही तिच्या फुंकरीत एक कोंडा शिल्लक राहत नव्हता. वहिनींच्या हुरड्यात निम्मं भुसकट. शेजारच्या वावरातले लोक आले, त्यांच्याबरोबर आत्याची बालमैत्रीण आली, मग तिच्या सासरची दोन माणसं आली आणि कोण कुठल्या साली गेलं याचा हिशेब सुरू झाला. मुलं उसाची कांडकी घेऊन विहिरीकडे पळाली, त्यांना ड्रायव्हर पोरगा मोटर चालू करून दाखवत होता. ऊन डोक्यावर आलं. दादाने घड्याळ बघितलं नाही. चार वाजता आईने डबे पाठवले, तेव्हा कुणाला भूकच नव्हती.

अंगारकीला पहाटे चारला उठून चालत दर्शन घेऊन आलो आणि दिवसभर ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना पाणी दिलं. बुधवारी वेरूळ, कैलास बघून ते पुढे गेले.

फाइल दादाने नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली, माझ्या नावाचा उल्लेख करून. परिणाम असा की वहिनींच्या ह्यूस्टनच्या बहिणीचा फोन आला. त्यांना मुलांच्या शाळेमुळे जूनमध्येच जमतं, लोणार आणि हुरडा दोन्ही हवंय. जूनमध्ये हुरडा नसतो, हे सांगितलं. पाऊस पडला तर लोणार हिरवं दिसेल, पण खाली उतरताना घसरायचं, हेही सांगितलं. आणि मृग निघाला की माझ्या दुकानासमोर बियाण्याच्या रांगा लागतात, तेव्हा मी फोनसुद्धा उचलत नाही. त्या म्हणाल्या, मग फक्त एक्सेल करून पाठवा. मी दादाचा नंबर दिला.