दुखणे हा आपला राखणदार

डोळे, कान, नाक, जीभ आणि त्वचा ही आपली पाच ज्ञानेंद्रिये होत, हे आपण सर्वांनी पाठ केलेले आहे. डोळ्यांना आपण फार जपतो. त्वचेकडे मात्र आपले लक्षच नसते. खरे तर आपल्या शरीरातील सर्वांत मोठे इंद्रिय तीच आहे. डोळे मिटता येतात, पण त्वचा झोपेतही जागी असते. डास चावला की आपण झोपेतच हात मारतो!

त्वचेत मज्जातंतूंची बारीक टोके असतात. स्पर्श, दाब, थंडी, उष्णता आणि वेदना यांची बातमी ती मेंदूकडे पोहोचवतात. पण कधीकधी मेंदूची वाट पाहायला वेळ नसतो. तापलेल्या तव्याला बोट लागले की हात आधी मागे येतो आणि ‘आई गं’ नंतर तोंडातून निघते. कारण हात मागे घेण्याचा हुकूम पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूतूनच सुटतो. गावात गंजीला आग लागली तर सरपंचांना विचारायला कोणी जात नाही, शेजारीच घागरी घेऊन धावतात. तसेच हे आहे.

गुरुजींनी वर्गात एक प्रयोग करून दाखवला. तीन पातेली घेतली. एकात माठातले गार पाणी, दुसऱ्यात सोसेल इतके गरम आणि मधल्यात साधे पाणी. एक हात गार पाण्यात, दुसरा गरम पाण्यात थोडा वेळ ठेवला आणि मग दोन्ही हात मधल्या पातेल्यात घातले. काय गंमत! एक हात म्हणतो पाणी कोमट, दुसरा म्हणतो गार. पाणी तर एकच! म्हणजे त्वचा मुख्यतः बदल सांगते. म्हणून तर गार पाण्याने अंघोळ करताना पहिला तांब्या नकोसा वाटतो, पुढच्यांचे काही वाटत नाही.

मिरचीची गोष्ट तर आणखी मजेची आहे. डेव्हिड ज्युलियस या शास्त्रज्ञांनी मिरचीतल्या तिखट द्रव्याचा उपयोग करून मज्जातंतूंवरचे एक सूक्ष्म दार १९९७ साली शोधून काढले. तेच दार सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वर उष्णतेनेही उघडते. म्हणून ठेचा खाल्ला की ‘तोंड भाजलं’ असे आपण म्हणतो, ते उगीच नाही. उष्णता आणि स्पर्श कसे कळतात याच्या शोधांबद्दल ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन यांना २०२१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

पण ही बातमी देणारे मज्जातंतूच गप्प झाले तर? ते मी आमच्या घरात पाहिले आहे.

माझ्या आजीला माझ्या जन्माआधीपासून साखरेचा आजार आहे. गेल्या वर्षी ती शेतातून आली आणि ओट्यावर टेकली. फरशीवर रक्ताचे ठिपके दिसले. मी म्हणाले, “आजी, तुझ्या पायातनं रक्त येतंय!”

आजी हसून म्हणाली, “कुठं गं? मला तर काय बी झालं न्हाई.”

तिच्या टाचेत बाभळीचा काटा मोडलेला होता. तिला पत्ताच नव्हता. मला मात्र हसू आले नाही, भीती वाटली.

दवाखान्यात डॉक्टरांनी आजीला डोळे मिटायला सांगितले आणि एक बारीक दोरा तळपायाला जागोजागी टेकवला. कळले की ‘हो’ म्हणायचे होते. दोरा टेकत होता आणि आजी गप्पच होती. मी शेजारी उभी राहून मनात म्हणत होते, ‘हो म्हण ना गं आजी!’ डॉक्टर म्हणाले, “साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की मज्जातंतू बिघडतात. बहुधा पायांपासून सुरुवात होते. जखम दुखत नाही, म्हणून चिघळत जाते. कधी पाय कापायची पाळी येते.” त्या रात्री मला जेवण गेले नाही.

हे मी गुरुजींना सांगितले. तेव्हा त्यांनी डॉ. पॉल ब्रँड यांची माहिती दिली. ते १९४६ पासून वेल्लोरला होते. कुष्ठरोग्यांची बोटे आपोआप झडत नाहीत, वेदना कळत नसल्यामुळे भाजण्याकापण्याकडे दुर्लक्ष होऊन ती खराब होतात, हे त्यांनी दाखवून दिले. आता तर कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होतो.

आता आमच्या घरी नियम झाला आहे. रोज दिवेलागणीला मी आजीचे तळपाय आणि बोटांच्या बेचक्या बघते. तिच्या अंघोळीचे पाणी आई कोपर घालून पाहते. अनवाणी फिरायचे नाही, चप्पल झटकून घालायची, पाय शेकोटीला शेकायचे नाहीत. सुरुवातीला आजी पाय मागे घ्यायची. म्हणायची, “नातीच्या हातात पाय द्यायचे व्हय?” मी म्हणाले, “तुझे पाय बोलत नाहीत, मग मला बघायला नको का?” तेव्हा कुठे तिने ऐकले. टाचेची जखम दीड महिन्याने भरली.

मित्रमैत्रिणींनो, ठेच लागली की आपण दगडाला शिव्या देतो. पण ठेच कळली हेच मोठे नशीब आहे. आणि आज शाळेत आलेल्या पालकांना माझी विनंती आहे, घरात कोणाला साखरेचा आजार असेल, तर आज संध्याकाळी त्यांचे तळपाय उजेडात नीट बघा. “दुखतंय का?” असे नुसते विचारू नका.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी