पारगडाच्या रानातला नरक्या

चंदगड तालुक्याच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या कड्यावर शिवकालीन पारगड उभा आहे. पायऱ्या चढताना सहज बोलता येईल इतकाच वेग ठेवावा. छातीत जडपणा वा भोवळ जाणवल्यास तिथेच थांबावे. माथ्यावर भवानीमातेचे दर्शन घडते आणि खाली दाट अरण्य पसरलेले दिसते.

चंदगडच्या या रानांत नरक्या हा दुर्मीळ होत चाललेला वृक्ष वाढतो. त्यातील कॅम्पटोथेसिन या द्रव्यापासून टोपोटेकॅन व इरिनोटेकॅन ही कर्करोगावरील औषधे तयार होतात. म्हणूनच त्याची चोरटी तोड होते. मात्र त्याची साल किंवा चूर्ण म्हणजे औषध नव्हे. मूळ द्रव्य विषारी आहे. कोणी ‘रामबाण’ म्हणून दिले, तरी आपल्या रुग्णास ते मुळीच देऊ नये. नरक्या डोळे भरून पाहावा, तोडू नये.