आईच्या हातचे सोले-वांगे
(इयत्ता सातवी)

माझी आई आपल्या शाळेत पोषण आहार शिजवते. तुम्ही सर्वजण तिला मावशी म्हणता. पण मी आज तिच्या घरच्या स्वयंपाकाविषयी लिहिणार आहे.

शाळेत सगळे वजनावर असते. पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ व २० ग्रॅम डाळ, आणि सहावी-सातवीच्या मुलामागे १५० ग्रॅम तांदूळ व ३० ग्रॅम डाळ असे प्रमाण ठरलेले आहे. तेलसुद्धा मोजून. मी एकदा वहीत हिशेब केला. खालच्या वर्गांची ५२ व वरच्या वर्गांची ३४ मुले हजर असली, तर १० किलो ३०० ग्रॅम तांदूळ आणि २ किलो ६० ग्रॅम डाळ लागते. तेवढे निवडायचे, धुवायचे, शिजवायचे, वाढायचे आणि मग ते मोठमोठे गंज घासायचे. आपण हात धुऊन खेळायला पळतो, तेव्हा ती राख घेऊन बसलेली असते.

बाबा लहान होते तेव्हा असे नव्हते. ही योजना देशात १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली. तेव्हा शाळेत चूल नव्हती. हजेरी ८० टक्के भरली की महिन्याला ३ किलो तांदूळ घरी मिळे. मुलांना शिजवलेले अन्न द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली सांगितले. त्यानंतर शाळेत शिजू लागले. बाबा आम्हाला म्हणतात, "आमी थैली नेत होतो, तुमी ताट नेता."

शाळेतून सुटली की आई वावरात जाते. दिवाळीनंतर कापूस वेचायचा असतो. तोही संध्याकाळी किलोवरच मोजतात. अंधार पडता पडता घरी आली की ती चुलीपुढे बसे, चार भाकरी थापे, बेसन घोटे, की झाला स्वयंपाक. आज बेसन, उद्या बेसन. भावाने तोंड वाकडे केले तर ती म्हणे, "पोट भरलं म्हणजे झालं." रागाने नाही, थकून म्हणे. आधी असे नव्हते. आजी सांगते की लग्न होऊन आली तेव्हा आई फुणके करायची, आंबाडीच्या भाजीत कण्या टाकून शिजवायची आणि "कसं झालं?" असे प्रत्येकाला विचारायची. ते विचारणे बंद झाले होते. आम्हा सर्वांना वाढून ती मागून एकटीच जेवायची, तेही कधी उभ्यानेच.

त्यात यंदा पावसाळ्यात आजीला ताप आला. ताप गेला, पण जेवण परतले नाही. अर्धी भाकर पाण्यात कालवून ठेवायची आणि तशीच सरकवायची. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जाऊ लागल्या. डॉक्टर म्हणाले, आता औषध नको, खाणे वाढवा. आई पुष्कळ आग्रह करी. आजीचे एकच, "जिभेले चवच नाई वं."

डिसेंबरमधल्या एका शनिवारी रात्री आजी आपणहून बोलली, "तुरीच्या शेंगा भरल्या असतीन आता. सोले-वांगे खाल्ले असते थोडेसे."

आई काही बोलली नाही. रविवारी सकाळी ती दुपट्ट्यात शेंगा बांधून घेऊन आली. कपाशीच्या ओळींमधली आमचीच तूर. अंगणात उन्हात शेंगांचा ढीग टाकला आणि आम्हा सर्वांना हाक मारली. बाबासुद्धा सोलायला बसले. बाबांना मी असे पहिल्यांदाच पाहिले. भाऊ सोलायचा एक दाणा आणि खायचा दोन. आजी भिंतीला टेकून बसली होती, तिने हळूच सूप आपल्याकडे ओढले. सर्वांत जास्त सोले तिनेच काढले!

आईने त्या दिवशी काहीच मोजले नाही. मुठीने मीठ, चिमटीने हळद. पाट्यावर मिरची-लसूण वाटताना ती गुणगुणत होती. आजीला तिखट सोसत नाही म्हणून तिची भाजी आधी वेगळी काढली, मग आमच्यात मिरची टाकली. शाळेत ८६ जणांसाठी असे करता येत नाही, हे मला तेव्हा कळले. आजीने पाऊण भाकर खाल्ली. आई आमच्याबरोबरच ताट घेऊन बसली होती. तिने विचारले, "कसं झालं?"

बाबा म्हणाले, "अजून वाढ."

रोजचे दिवस बदलले नाहीत. अजूनही सोमवार ते शनिवार बेसनच जास्त असते. पण रविवारी सोलणे-निवडणे आमचे, भाकरीचे पीठ मळणे माझे आणि पाणी भरणे बाबांचे. त्यामुळे आईचे हात भाजीला मोकळे असतात. बाबांना पाणी भरताना पाहून शेजारचे हसले. हसू द्या.

काही मैत्रिणींनी रीत विचारली, म्हणून आजीला विचारून लिहिते. कोवळी वांगी चिरून पाण्यात टाकावी. अर्धे सोले पाट्यावर जाडसर वाटावे, अर्धे अख्खे ठेवावे. तेलात जिरे आणि वाटलेली लसूण-मिरची टाकावी, मग कांदा. सोले चांगले परतावे, कच्चे राहिले तर भाजी उग्र लागते. मग वांगी, हळद, मीठ व गरम पाणी टाकून झाकण ठेवावे. वरून सांभार. ज्वारीच्या गरम भाकरीबरोबरच खावी.

शेंगा वाळू लागल्या की सोले संपतात. आजीने आतापासूनच चिवळीच्या भाजीचे नाव काढले आहे. ती उन्हाळ्यात येते.