दुखणे मानेचे, तक्रार कानाची

‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ ही म्हण आपण दुसऱ्याच्या वेंधळेपणाला हसण्यासाठी वापरतो. पण कधी कधी आपले शरीरच आगीचा पत्ता चुकीचा कळवते.

इंदूरच्या आमच्या घरात थोरल्या जाऊबाईंचे, म्हणजे माईंचे, शिवणयंत्र चाळीस वर्षे चालले. साठी उलटल्यावर त्यांचा उजवा कान ठणकू लागला. डोक्याच्या मागून निघालेली कळ कपाळापर्यंत येई. कानाच्या डॉक्टरांनी दोनदा तपासून कानात दोष नसल्याचे सांगितले. झाले! दुखणे मनाचे आहे, अशी कुजबुज घरात सुरू झाली. माईंनी वाद घातला नाही. दुखते म्हणून सांगणेच त्यांनी सोडून दिले. ते मौन मला फार लागले.

मग मी त्यांना दुसऱ्या एका डॉक्टरांकडे नेले. त्यांनी दात, जबडा व घसा पाहिला आणि शेवटी कवटीच्या खाली, मानेच्या उजव्या बाजूस अंगठ्याने दाबले. माई एकदम म्हणाल्या, “हीच ती कळ!”

मानेत सात मणके असतात. अगदी वरच्या भागातून निघणारे काही मज्जातंतू कानाच्या पाळीला व कानामागच्या त्वचेला, तर काही डोक्याच्या मागच्या भागाला संवेदना पुरवतात. कपाळाकडून येणारे तंतू आणि हे मानेचे तंतू मेंदूच्या तळाशी एकाच ठाण्यात मिळतात. तेथे निरोपांची सरमिसळ होते आणि मानेची कळ कानात किंवा कपाळात जाणवते. काहींच्या कानातला गुंजारवही मान वळवताच कमी-अधिक होतो.

यंत्राचे टेबल उंच केले, अर्ध्या तासाने उठण्याचा नेम ठेवला आणि मानेचे स्नायू बळकट करणारे व्यायाम शिकून घेतले. तीन महिन्यांत माईंचा ठणका बराच ओसरला.

मात्र उठल्यासुटल्या मानेला दोष देऊ नये. उतारवयात बहुतेकांच्या क्ष-किरण चित्रात मणक्यांची झीज दिसतेच. तेवढ्याने काही सिद्ध होत नाही. कूस बदलताना येणारी चक्कर बहुधा अंतर्कर्णातील सूक्ष्म कणांमुळे असते. म्हणून आधी कान व घसा तपासून घ्यावा. एकाएकी बहिरेपणा येणे, हातापायांतील शक्ती जाणे, बोलणे अडखळणे किंवा अचानक असह्य डोके दुखणे, यांपैकी काही झाल्यास त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. आणि केशकर्तनालयात मान कडाडकन मोडून घेण्याची हौस सोडावी. तशा हिसक्याने क्वचित मानेतील रक्तवाहिनीला इजा होते.

तपासणीत दोष सापडला नाही, याचा अर्थ दुखणे खोटे असा नव्हे. घरातले माणूस दुखते म्हणते, तेव्हा त्याचे म्हणणे खरे धरून शोध पुढे चालू ठेवावा. औषधाइतकाच त्या विश्वासाचाही आधार असतो.